औषधाच्या चिठ्ठीवर पत्ता

पूर्व लंडनमधली ब्रॉमली-बाय-बो ही वस्ती प्रवासवर्णनांत सहसा सापडत नाही. एके काळी ती गोदीकामगारांची होती, पुढे बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेल्या कुटुंबांची झाली आणि सगळा काळ हातातोंडाची गाठ कशीबशी घालणाऱ्यांचीच राहिली. तिथल्या आरोग्य केंद्राला लागून बाग आहे, कलेच्या कार्यशाळा आहेत, कॅफे आहे, इंग्रजी शिकवणारे वर्ग आहेत. घरभाडं थकलं किंवा कर्ज अंगावर आलं तर मार्ग सांगणारी माणसं आहेत. डॉक्टर रुग्णाला तपासतात, गोळीची गरज असेल तर गोळी देतात आणि नसेल तर यांपैकी एखाद्या ठिकाणी धाडतात. चिठ्ठी घेऊन रुग्ण औषधाच्या दुकानाऐवजी बागेत जातो.

याला आता जगभर ‘सोशल प्रिस्क्रायबिंग’ म्हणतात. कल्पना इतकी साधी की आपल्याकडचा कुणीही जुना फॅमिली डॉक्टर म्हणेल, “यात नवं ते काय? आम्हीही सांगायचोच की, आजी, जरा देवळात जात जा, चार बायकांत बसत जा.” खरं आहे. पण आजींना देवळापर्यंत नेणार कोण, देवळाला पायऱ्या किती, आणि आजींचे गुडघे किंवा डोळे गेले असतील तर पुढे काय, हे त्या सल्ल्यात नव्हतं. सोशल प्रिस्क्रायबिंगचा कस लागतो तो याच प्रश्नांवर. अपंग माणसांच्या बाबतीत तर दुसरा कुठला कस लावायची गरजच नाही.

ब्रॉमलीची गोष्ट सुरू झाली ती मोडकळीला आलेल्या एका चर्चमधून. १९८४ साली अँड्र्यू मॉसन हे तरुण पाद्री तिथे रुजू झाले, तेव्हा चर्चच्या खात्यात ४०० पौंड होते आणि रविवारच्या प्रार्थनेला जेमतेम डझनभर वृद्ध मंडळी येत. प्रवचनानं ही जागा भरायची नाही, हे मॉसन यांनी ओळखलं. ज्याला काही करून बघायचंय त्याला त्यांनी जागा देऊ केली. चर्चच्या मुख्य दालनातच पाळणाघर आलं, मग चित्रकार आणि शिल्पकार आले, नाच शिकवणारे आले. लोक प्रार्थनेला आले नाहीत, पण आले.

१९९२ साली वस्तीतली एक तरुण आई कर्करोगानं गेली. मागे दोन मुलं राहिली. तिच्या अखेरच्या महिन्यांत रुग्णालय, घरी येणाऱ्या परिचारिका आणि पालिकेचा समाजकल्याण विभाग यांचा एकमेकांशी मेळ बसला नाही. खरी सेवा केली ती चर्चच्या केंद्रात भेटलेल्या शेजाऱ्यांनी. या मृत्यूनं मॉसन आणि त्यांचे सहकारी हादरले आणि त्यातून दवाखानाच आपल्या आवारात आणायचा हट्ट धरला गेला. १९९७ साली आरोग्य केंद्र उभं राहिलं. त्याचं वैशिष्ट्य असं की इमारत वस्तीच्या मालकीची आणि डॉक्टर तिथे भाडेकरू. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं.

त्या डॉक्टरांतले सॅम एव्हरिंग्टन हे पुढे या चळवळीचा चेहरा झाले. त्यांच्याबद्दल भारतीय वाचकाला ठाऊक असावी अशी एक गोष्ट आहे. १९९३ साली त्यांनी आणि अनीस इस्माइल या सहकाऱ्यानं इंग्रजी आणि आशियाई नावांनी सारख्याच पात्रतेचे खोटे नोकरीअर्ज रुग्णालयांना धाडले. आशियाई नावाच्या डॉक्टरला मुलाखतीचं बोलावणं कमी वेळा येतं, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं आणि ते त्यांनी दाखवून दिलं. बक्षीस काय, तर फसवणुकीच्या संशयावरून दोघांना अटक! प्रकरण पुढे टिकलं नाही. माणूस आजारी पडतो त्यात जंतूंइतकाच समाजाचाही हात असतो, असं म्हणणारा डॉक्टर कुठल्या मुशीतून निघाला, हे यावरून कळतं.

बाकी इंग्लंडला हे पटायला बरीच वर्षं गेली. राष्ट्रीय आरोग्य सेवेनं, म्हणजे एनएचएसनं, जानेवारी २०१९च्या दीर्घकालीन आराखड्यात सोशल प्रिस्क्रायबिंगला जागा दिली. हजारावर ‘लिंक वर्कर’ नेमायचे आणि २०२३-२४पर्यंत ९ लाख लोकांना या वाटेनं पाठवायचं, असं ठरलं. लिंक वर्कर हा या सगळ्याचा कणा आहे. तो डॉक्टर नसतो, समुपदेशकही नसतो. डॉक्टरकडे माणशी दहा मिनिटं असतात, याच्याकडे पहिल्या भेटीलाच तासभर असतो. ‘काय होतंय?’ असं विचारण्याऐवजी तो ‘तुमच्यासाठी काय महत्त्वाचं आहे?’ असं विचारतो. उत्तर काहीही येऊ शकतं. कुणाला मासेमारीला परत जायचं असतं, कुणाला घराची ओल घालवायची असते, कुणाला नुसतं आठवड्यातून एकदा कुणाशी तरी बोलायचं असतं. मग तो फोन करतो, ठिकाण शोधतो, पहिल्या दिवशी गरज पडली तर बरोबर जातो. तीनेक महिन्यांत सहा ते बारा भेटी आणि वर्षाला २०० ते २५० माणसं, असा त्याच्या कामाचा सर्वसाधारण हिशेब धरला जातो. हा आकडा वाचून आपल्याकडच्या कुठल्याही आशाताईला हसू येईल, पण तो मुद्दा पुढे.

अपंग माणसाला या भेटीची गरज किती, हे ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या आकड्यांच्या एकाच जोडीतून दिसतं. २०२१च्या आकडेवारीनुसार इंग्लंडमधल्या १५.१ टक्के अपंग व्यक्तींनी आपल्याला ‘वारंवार किंवा कायम’ एकटं वाटतं असं सांगितलं. अपंगत्व नसलेल्यांत हे प्रमाण होतं ३.६ टक्के. फरक चौपटीहून जास्त. ब्रिटनमध्ये अपंगत्व असलेले लोक १ कोटी ६० लाखांच्या घरात आहेत, म्हणजे चारांत जवळजवळ एक. एकटेपणासाठी मंत्री नेमणारा देश म्हणून २०१८ साली ब्रिटनची जगभर थोडी टिंगल झाली होती. जून २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एकटेपणाशी जोडले जाणारे मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजार असल्याचा अंदाज दिला. टिंगल करायचं काही कारण नव्हतं.

खरं म्हणजे अपंगत्व आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं समाजजीवन यांचं नातं एनएचएसच्या आराखड्याहून कितीतरी जुनं आहे. त्यासाठी लंडनच्या वायव्येला, स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात जावं लागतं. १९४४ साली तिथे मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी कक्ष उघडला. प्रमुख होते लुडविग गुटमन, नाझी जर्मनीतून पळून आलेले ज्यू मेंदूतज्ज्ञ. त्या काळी कमरेखाली लुळा पडलेला सैनिक म्हणजे काही महिन्यांचा सोबती, अशी डॉक्टरांचीच समजूत होती. अंथरुणातल्या जखमा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग माणसाला संपवत असे. गुटमन यांनी आधी या दोन शत्रूंचा बंदोबस्त केला आणि मग रुग्णांच्या हातात धनुष्यबाण दिले. २९ जुलै १९४८ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, रुग्णालयाच्या हिरवळीवर १४ पुरुष आणि २ स्त्रिया चाकाच्या खुर्चीत बसून तिरंदाजीच्या स्पर्धेत उतरल्या. आजच्या पॅरालिंपिकचं मूळ ते. मैदान, संघ, चुरस, हरल्यावरची चिडचिड हे सगळं गुटमन यांच्या लेखी उपचाराचाच भाग होतं.

त्या उपचाराचा धागा मराठी मातीपर्यंत येतो. सांगली जिल्ह्यात जन्मलेले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. सैन्यात ते मुष्टियोद्धा होते. रुग्णालयात त्यांना पोहण्याचा सल्ला मिळाला तो व्यायामोपचार म्हणून. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक जिंकलं, तेही विश्वविक्रमासह. भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. देशानं त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली आणि बहुतेकांना त्यांचं नाव कळलं ते २०२४च्या ‘चंदू चॅम्पियन’ या हिंदी चित्रपटानंतर. चिठ्ठीनं आपलं काम केलं होतं. समाजानं आपलं करायला पन्नास वर्षं लावली.

सगळ्यांना पदकं मिळवायची नसतात, हेही खरं. बहुतेकांना मंगळवारी सकाळी जायला एक जागा हवी असते. सॉमरसेटमधल्या फ्रूम या पंचवीस-तीस हजार वस्तीच्या गावानं नेमकं ते करून पाहिलं. २०१३ साली डॉ. हेलन किंग्स्टन यांनी आपल्या दवाखान्यात एक साधं निरीक्षण मांडलं. रुग्ण आजारांची जुडी होऊन बसले होते आणि डॉक्टर त्या ओझ्याखाली थकले होते. समाजकार्याचा अनुभव असलेल्या जेनी हार्टनॉल यांनी गावातल्या गटांची यादी करायला घेतली. गायनमंडळ, शिवणगट, फिरायला जाणारे, कर्जाबद्दल सल्ला देणारे, दु:खात असलेल्यांचे गट, सगळे त्यात आले. जे नव्हते ते सुरू केले. मग गावकऱ्यांना थोडक्यात प्रशिक्षण देऊन ‘कम्युनिटी कनेक्टर’ बनवलं. त्यांत टॅक्सीवाले होते, केस कापणारे होते, दुकानदार होते. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक बोलता बोलता ‘हल्ली घराबाहेर पडवत नाही’ म्हणालं, तर त्याला कुठे पाठवायचं हे न्हाव्याला ठाऊक, असा मामला. आपल्याकडच्या न्हाव्याला हे आधीपासून ठाऊक असतं, फक्त त्याला कुणी कनेक्टर म्हणत नाही.

फ्रूमचे आकडे गाजले. २०१३ ते २०१७ या काळात गावातले रुग्णालयात तातडीनं भरती होण्याचे प्रसंग १४ टक्क्यांनी घटले, तर आसपासच्या सॉमरसेटमध्ये ते २८.५ टक्क्यांनी वाढले. गोळी असती तर औषध कंपन्यांनी या आकड्यांवर उड्या घेतल्या असत्या.

फ्रूमच्या कामात सहभागी असलेले डॉ. ज्युलियन एबल हे मूळचे वेदनाशामक उपचारांतले तज्ज्ञ. या क्षेत्रातले ब्रिटिश डॉक्टर शेजाऱ्यांच्या बळावर चालणाऱ्या सेवेचं उदाहरण देतात तेव्हा केरळचं नाव हमखास निघतं. १९९३ साली कोळिकोडमध्ये सुरू झालेल्या पॅलिएटिव्ह केअर सोसायटीतून पुढे गावोगाव शेजाऱ्यांची जाळी विणली गेली. स्वयंसेवक घरी जातात, जखम धुतात, औषध आणतात आणि घरात तांदूळ आहेत की नाहीत तेही बघतात. सुरुवात झाली कर्करोगाच्या रुग्णांपासून, पण लवकरच स्वयंसेवकांच्या लक्षात आलं की नारळाच्या झाडावरून पडून किंवा रस्त्यावरच्या अपघातात मणका मोडलेले कितीतरी तरुण खोल्यांत पडून आहेत. त्यांच्यासाठी छत्र्या आणि हस्तकलेच्या वस्तू बनवण्याचे गट निघाले, मेळावे भरले, सहली निघाल्या. वर्षानुवर्षं छत बघत पडलेल्या माणसाला समुद्रकिनारी नेणं हा वैद्यकीय उपचार आहे की नाही, यावर पुस्तकी वाद घालता येईल. किनाऱ्यावर आलेल्या माणसाला त्या वादात रस नसतो.

वाद मात्र घालायलाच हवा, कारण उत्साहाच्या भरात या चळवळीनं पुराव्याच्या पुढे धाव घेतली आहे. २०१७ साली यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या उपक्रमांची १५ मूल्यमापनं एकत्र तपासली. बहुतेक अभ्यास लहान, तुलनेसाठी दुसरा गट नसलेले, थोड्याच काळाचे. सोशल प्रिस्क्रायबिंग उपयोगी आहे की नाही हे यावरून सांगता येत नाही, असा त्यांचा कोरडा निष्कर्ष होता. फ्रूमच्या आकड्यांतही गावातल्या बदलाचं श्रेय नेमकं कशाला किती द्यायचं, हे सुटं करता येत नाही. लोकांना बरं वाटतं याबद्दल दुमत नाही. पण बरं वाटणं आणि सरकारचा खर्च वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खर्च वाचवण्याच्या आशेनं आणलेली योजना तो वाचला नाही की बंदही होते.

शिवाय चिठ्ठीवर लिहिलेला पत्ता जागेवर असायला हवा. २०१०नंतरच्या काटकसरीत ब्रिटनमध्ये दशकभरात सुमारे ८०० सार्वजनिक ग्रंथालयं बंद झाली. पालिकांच्या अनुदानाला कात्री लागली, दिवसभर बसता-उठता येईल अशी केंद्रं मिटली. तीव्र अपंगत्व असलेल्यांना घरी मदतनीस ठेवण्यासाठी पैसे देणारा ‘इंडिपेंडंट लिव्हिंग फंड’ ३० जून २०१५ला गुंडाळला गेला. एका हातानं मदतनीस काढून घ्यायचा आणि दुसऱ्या हातानं बागकामाच्या गटाची चिठ्ठी द्यायची, हा प्रकार अपंगांच्या संघटनांना झोंबला नसता तरच नवल. लंडनच्या भुयारी रेल्वेची आजही जेमतेम एक तृतीयांश स्थानकं पायऱ्या न चढता वापरता येतात. ब्रॉमली-बाय-बो स्थानकालाच लिफ्ट मिळाली ती २०१८ साली. तोपर्यंत चर्चमधून सुरू झालेलं ते प्रसिद्ध केंद्र चौतीस वर्षांचं झालं होतं. चाकाच्या खुर्चीतला माणूस रेल्वेनं तिथे पोचणार कसा, याची चिंता वाहतूक खात्याच्या यादीत खाली असावी.

त्याहून विचित्र अडचण पैशांची आहे. ‘अॅक्टिव्हिटी अलायन्स’ या संस्थेनं ऑक्टोबर २०१८मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. पाचांतल्या चार अपंगांना अधिक हालचाल करायची इच्छा होती. पण आपण व्यायाम करताना किंवा खेळताना दिसलो तर सरकारी भत्ता बंद होईल, अशी भीती ४७ टक्क्यांना वाटत होती. त्याच वर्षी जूनमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजनं ‘पार्करन’शी हातमिळवणी केली होती, शनिवारी सकाळी बागेत पाच किलोमीटर चाला किंवा पळा असं रुग्णांना सांगायचं म्हणून. म्हणजे एक खातं म्हणणार ‘पळा’ आणि दुसरं खातं झाडामागून बघणार की हा पळतो कसा.

अपंग चळवळीतल्या जुन्या मंडळींचा आक्षेप आणखी मुळाशी जातो. पॉल हंट हे हॅम्पशरमधल्या ‘ल कोर्ट’ या वसतिगृहात राहिले होते. लेनर्ड चेशर यांनी १९४८ साली सुरू केलेलं हे पहिलं ‘चेशर होम’. त्याच मालिकेतलं भारतातलं पहिलं घर १९५०च्या दशकात मुंबईत अंधेरीला निघालं. घरं चांगल्या हेतूची होती, पण कधी झोपायचं, कुणाशी मैत्री करायची, हे व्यवस्थापन ठरवायचं. २० सप्टेंबर १९७२च्या ‘गार्डियन’मध्ये हंट यांचं पत्र छापून आलं. संस्थांत राहणाऱ्या अपंगांनी स्वत:ची संघटना करावी, असं त्यांनी सुचवलं होतं. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेत दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाविरुद्ध तुरुंगवास भोगलेले व्हिक फिंकलस्टीन होते. माणसाला अपंग करतो तो समाज, असं या संघटनेनं १९७६ साली ठणकावून सांगितलं. पाय चालत नाहीत ही शरीराची गोष्ट आणि कचेरीला पायऱ्याच आहेत ही समाजाची. या परंपरेतल्या माणसाला चित्रकलेच्या वर्गाची चिठ्ठी दाखवली तर तो विचारणार, गाण्याला किंवा गप्पांच्या अड्ड्यावर जायला बाकीच्यांना डॉक्टरची परवानगी लागते का? मग मलाच का?

प्रश्न बिनतोड आहे. मात्र त्याचं उत्तर चिठ्ठी फाडणं हे नाही. ती लिहिणारा आणि पत्त्यापर्यंत नेणारा माणूस बदलणं, हे आहे. आणि त्याचा एक चांगला नमुना इंग्लंडपेक्षा नाशिक जिल्ह्यात सापडतो.

पेठ हा नाशिकचा आदिवासी तालुका, गुजरातच्या सीमेला टेकलेला. २०१३ ते २०१५ या काळात पुण्याच्या ‘सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी’नं तिथल्या ४१ गावांत ‘आत्मीयता’ नावाचा प्रयोग केला. संस्थेचे प्रमुख मनोविकारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पाठारे आणि या प्रकल्पाचे सूत्रधार डॉ. कौस्तुभ जोग. गावात मनोविकारतज्ज्ञ येणार नाही आणि आला तरी लोक त्याच्याकडे जाणार नाहीत, हे त्यांनी गृहीत धरलं. म्हणून गावातलीच, लोक ज्यांच्यापाशी मन मोकळं करतात अशी माणसं हेरली. काहींना ‘चॅम्पियन’ केलं, काहींना ‘मित्र’. मित्रानं आजूबाजूला लक्ष ठेवायचं, कोण गप्प झालंय, कुणाच्या घरात दारू शिरलीय. चॅम्पियननं त्याच्याकडे जायचं, चार-सहा वेळा बसून बोलायचं, मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवायच्या. आजार तीव्र असेल तर सरकारी दवाखान्याची वाट दाखवायची.

आणि मग तो भाग, ज्यासाठी हा प्रयोग इथे सांगायचा: सरकारी योजना. पेन्शन, रेशनकार्ड, रोजगार हमीचं काम, अपंगत्वाचा दाखला. मन खचलेल्या माणसाला नुसतं धीर देऊन भागत नाही. तलाठ्याकडे अडकलेला कागद सुटला की निम्मा धीर आपोआप येतो. मानसिक आजाराचा समावेश २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, तरी दाखल्यासाठी जिल्ह्याला खेटे घालणं एकट्या माणसाच्या आवाक्यातलं नसतं. आत्मीयतेचा चॅम्पियन त्या खेट्यांत सोबत करतो. एनएचएसचा लिंक वर्कर हेच करतो, फक्त तो पगारी असतो आणि त्याच्याकडे संगणक असतो. पुढे हा प्रयोग गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात शेकडो गावांत गेला. तिथे त्याची रीतसर वैज्ञानिक चाचणी झाली आणि मदत मिळालेल्यांच्या स्थितीत सुधारणा दिसली. यॉर्कच्या संशोधकांना हवा होता त्या जातीचा पुरावा! २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरातल्या चांगल्या सामुदायिक मानसिक आरोग्य सेवांचं जे संकलन काढलं, त्यात आत्मीयता आहे.

कोल्हापुरात तर हे सारं कुठल्याही प्रकल्पाशिवाय घडलं. नसीमा हुरजूक ऐन तारुण्यात कमरेखाली लुळ्या पडल्या. वैद्यकाकडे देण्याजोगं फारसं काही उरलं नव्हतं, आणि त्यांच्या मनातही. मग बाबूकाका दिवाण भेटले. ते स्वत: कमरेखाली अधू, पण उद्योग करणारे, बदल करून घेतलेली मोटार स्वत: चालवणारे. आपल्यासारखंच शरीर असलेला माणूस गाडी चालवत येतो, हे दृश्य हाच उपचार ठरला. हुरजूक यांनी शिक्षण पुरं केलं, नोकरी केली आणि १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सहकाऱ्यांसह उभी केली. कोल्हापुरात वसतिगृह, शाळा, उपकरणांची कार्यशाळा आणि सिंधुदुर्गात अपंगांनी चालवलेला काजू प्रक्रिया उद्योग, असा तिचा पसारा. त्यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाला मराठी वाचकांनी आपलंसं केलं. ब्रिटनमध्ये आज ‘पिअर सपोर्ट’ नावानं ज्याचे अभ्यासक्रम चालतात, ते बाबूकाकांनी एका भेटीत केलं होतं.

महाराष्ट्राकडे चिठ्ठीवर लिहायला पत्त्यांची वाण नाही. अकरा हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालयं आहेत, गावोगाव बचत गट आहेत, भजनी मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, गणेश मंडळं, नाट्यगृहं आहेत. युरोपातल्या गावांना जे पैसे ओतून निर्माण करावं लागतंय, ते इथे आहे. पण ग्रंथालय बहुतेकदा पहिल्या मजल्यावर, नाट्यगृहाच्या दाराला पायऱ्या, मंडळाच्या मांडवात वायरींचं जाळं, आणि ऐकू न येणाऱ्या माणसासाठी कुठल्याच व्याख्यानात कसलीच सोय नाही. २०११च्या जनगणनेत राज्यात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतले किती गावच्या वाचनालयाचे सभासद असतील, याचा अंदाज वाचकांनी आपल्या गावापुरता करून पाहावा.

कायदा आपल्या बाजूनं आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. २०१६च्या कायद्याचं कलम ५ समाजात राहण्याचा हक्क देतं, कलम २९ सांस्कृतिक जीवनाचा आणि करमणुकीचा. राजीव रातुरी या अंध याचिकाकर्त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ला सांगितलं की सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा. खंडपीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. त्यापूर्वी डिसेंबर २०२२मध्ये महाराष्ट्रानं दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं काढण्याची घोषणा केली होती. 

उरतो तो लिंक वर्कर. सरकारी डोक्यात पहिलं नाव येईल ते आशाताईंचं. राज्यात त्या सत्तर हजारांच्या आसपास आहेत आणि घरोघरची खबर त्यांच्याइतकी कुणालाच नसते. पण त्यांच्या पाठीवर आधीच गरोदर मातांपासून क्षयरोगापर्यंतचं ओझं आहे, मोबदला कामागणिक मोजून मिळतो आणि तोही वेळेवर मिळावा म्हणून त्यांना रस्त्यावर बसावं लागलेलं महाराष्ट्रानं पाहिलं आहे. त्यांच्यावर आणखी एक फुकटचं काम टाकू नये. त्याऐवजी गावातल्याच एखाद्या अपंग तरुणीला किंवा तरुणाला हे काम पगारी द्यावं. पेन्शनचा अर्ज, दाखल्याच्या शिबिराचा दिवस, कुठली एसटी गाडी चढायला बरी, कुठल्या कचेरीचा मागचा दरवाजा सपाट, हे ज्ञान त्यांच्याकडेच असतं.

पैसे नाहीत, हे उत्तर इथे चालणार नाही. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींपासून महानगरपालिकांपर्यंत सगळ्या स्थानिक संस्थांनी स्वत:च्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांच्या कल्याणावर खर्च करायचे, असा शासनाचा आदेश आहे. अनेक ठिकाणी ही रक्कम वर्षाअखेरीस माणशी वाटून संपवली जाते, कुठे कुठे ती पडूनच राहते. येत्या ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत वाचकांनी गेल्या वर्षीच्या या ५ टक्क्यांचा हिशेब मागावा. हिशेब मिळाला की लगेच दुसरा प्रश्न विचारावा: पुढच्या वर्षीच्या रकमेतून वाचनालयाला उतार बसेल का, आणि तिथपर्यंत सोबत करणारं एक माणूस पगारावर ठेवता येईल का?